छपरावर फेकलेला दात

तोंड फुटलेलं लेकरू दवाखान्यात आलं की डोमाजी आधी लेकराकडं पाहायचाच नाही. पाहायचा मायकडं. मायचा पदर रक्तानं भरलेला, डोळे मोठे झालेले, आणि लेकरू रडतंय ते निम्मं दुखण्यानं, निम्मं तिच्या चेहऱ्याकडं पाहून. म्हणून पहिलं औषध मायला. "बस माय खाली. पानी पी दोन घोट. तोंडातलं रगत असते थोडं, दिसते लय. थुक्यात मिसळून वाढते थे."

माय जमिनीवर टेकली की तो तिच्यासमोर बसायचा, गुडघ्यांना गुडघे लावून. मधे घोंगडीची घडी. लेकराचं डोकं याच्या मांडीवर, कंबर मायच्या मांडीवर, पाय तिच्या दोन्ही बगलांत, हात तिच्या मुठीत. लेकराला वर डोमाजीच्या मिशा दिसायच्या आणि पायाकडं आपली माय. तेवढ्यानं निम्मी पोरं गप व्हायची. उरलेली ओरडायची, आणि ओरडताना तोंड आपसूकच उघडतं, डोमाजीला तेच तर हवं असायचं. सुरुवातीला गावात कुजबुज झाली, परक्या बाईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसतो म्हणून. मग बायांनीच ती मिटवली. ज्या बाईला संकोच वाटे ती सासूला समोर बसवायची, एवढंच.

ही बैठक त्याला कोणी शिकवली नव्हती. डोमाजी डॉक्टर नव्हता, कंपाउंडरही नव्हता. बाभुळगावाकडच्या एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात तो ड्रेसर होता. झाडू मारायच्या कामावर लागला होता, पट्ट्या उकळता उकळता पट्ट्या बांधायला लागला, आणि एका जुन्या डॉक्टरनं त्याचा हात पाहून टाके घालायला शिकवलं. डॉक्टर यायचा दर गुरुवारी, यवतमाळहून सकाळच्या मोटारीनं, आणि संध्याकाळच्या मोटारीनं परत. उरलेले सहा दिवस फुटलेली डोकी, चिरलेली बोटं, इळ्यानं कापलेल्या पोटऱ्या, सगळं डोमाजीचं.

तोंडाचं ज्ञान मात्र त्याच्या घरचंच होतं. त्याचा बाप रामधन बैलबाजारातला दलाल. मालक बैलाचं वय चारदाती सांगो की सहादाती, रामधन बैलाचा जबडा उघडून बोट फिरवल्याशिवाय 'हो' म्हणायचा नाही. मालक रागावला, शपथा घेऊ लागला, तरी नाही. डोमाजी त्याच्या मागं मागं हिंडत मोठा झाला. हिरडीचा कोणता रंग बरा, कोणता वाईट, हलणारा दात कोणता आणि नुसता दुखणारा कोणता, हे त्याच्या बोटांना शाळेत न जाता ठाऊक होतं. बैलाच्या तोंडातून माणसाच्या तोंडात यायला त्याला फार वेळ लागला नाही. एकदा वामनराव पाटलांच्या नातवाचा पुढचा दात पडला म्हणून घरदार अंगण शोधत होतं. डोमाजीनं हिरडी चाचपली आणि सांगितलं की दात कुठं गेला नाही, धक्क्यानं वर हिरडीतच घुसलाय, ओढू नका, टोचू नका, पातळ खाऊ घाला, येईल खाली. अडीच महिन्यांनी आला. पाटलीणबाईंनी नारळ आणला तेव्हा तो संकोचून म्हणाला, देवानं नाही केलं, मीही नाही केलं, दातानंच केलं.

अशा माणसाच्या हातून एकोणसाठ सालच्या हिवाळ्यात जी चूक झाली, ती म्हणूनच त्याला जन्मभर टोचली.

गावापासून कोसभर, टेकडीच्या पलीकडं बंजाऱ्यांचा तांडा होता. कधीकाळी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडणारी ही माणसं आता तिथंच वसली होती, कापूस-तूर पेरत होती. त्या तांड्यातल्या रूपसिंगची पोर जमनी, अडीच वर्षांची. कापसाचा शेवटचा वेचा चालू होता, आईबाप शेतात, आजी सुखीबाई घरी. पोरीनं आजीची पाणी आणायची चुंबळ उचलली, कवड्या शिवलेली, आणि ती हातात नाचवत वासरामागं धावली. दारातल्या उखळाच्या दगडावर तोंडावर आपटली. खालचा ओठ फाटला आणि वरचा पुढचा एक दात निम्मा तुटला.

सुखीबाईनं पोरीला कडेवर घेतलं, सुनेला शेतातून बोलावून घेतलं आणि दोघी चालत दवाखान्यात आल्या. तो शनिवार होता. डोमाजीनं त्यांना बसवलं, पाणी दिलं, पोरीला चार मांड्यांवर आडवं घेतलं. उकळून निववलेल्या मिठाच्या पाण्यानं ओठ धुतला, जीभ पाहिली, टाळू पाहिला, बाकीचे दात एक एक हलवून पाहिले. तुटलेल्या दाताची कड बोटाला लागली तेव्हा त्यानं विचारलं की तुकडा सापडला का.

सापडला, सुखीबाई म्हणाली. रक्ताच्या चिखलात तिनं स्वतः शोधला होता. तांड्याच्या रीतीप्रमाणं शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर फेकलाही होता, म्हणजे पोरीला नवा दात सरळ येतो. हे सांगताना म्हातारीच्या आवाजात जरा तोराच होता. सून शेतात असताना तिनं एकटीनं सगळं निभावलं होतं.

डोमाजी खूश झाला. तुकडा सापडला म्हणजे एक काळजी गेली. त्यानं त्या होकारावर ओठाला दोन टाके घातले आणि पातळ ताक-भाकर चारायला सांगून पोरीला पाठवून दिलं.

मंगळवारी ओठ सुजला होता. सूज येतेच म्हणून त्यानं मिठाच्या पाण्याचे बोळे वाढवले. बुधवारी एक टाका आपोआप तुटला आणि पू आला. गुरुवारी सकाळी बसंतीबाई, म्हणजे जमनीची आई, आणि रूपसिंग पोरीला घेऊन आले तेव्हा खालचा ओठ लिंबाएवढा झाला होता. तोंड मिटत नव्हतं. लाळेची धार छातीवर. चार दिवस पोटात चमच्याचमच्यानं दूध, तेही निम्मं बाहेर. आणि त्यात खोकला. कोरडा, घशातून घरघरणारा.

डॉक्टर तरुण होता, नागपूरला शिकून आलेला, बोलायला थोडका पण मनानं चांगला. त्यानं पोरीच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग तुटका दात पाहिला आणि डोमाजीला विचारलं, "तुकडा कुठंय?"

"सापडला साहेब. आजीनं छपरावर टाकला."

"तू पाहिलास?"

बाजारात मालकाच्या शब्दावर बैल घेणाऱ्या माणसाला आपला बाप काय म्हणायचा ते डोमाजीला आठवलं.

"नाई साहेब."

डॉक्टर रागावला नाही, तेच जास्त जड गेलं. त्यानं शांतपणे सांगितलं की पोर पडताना रडत होती, रडणारं लेकरू श्वास आत ओढतं, आणि तुकडा श्वासनळीत गेला असेल तर हा खोकला साधा नाही. फुप्फुस सडेल. नळी घालून तो काढायची सोय नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातच. आजच्या संध्याकाळच्या मोटारीनं पोरीला आपण यवतमाळपर्यंत नेऊ, पुढं रात्रीची गाडी. त्यानं पत्र लिहायला कागद घेतला. कागदावर वर मध्य प्रदेश शासन छापलेलं होतं. जिल्हा मुंबई राज्यात जाऊन तीन वर्षं झाली तरी जुने कागद संपले नव्हते. त्यानं ते खोडलं आणि खाली लिहू लागला.

नागपूर म्हटल्यावर बसंतीबाई भिंतीला टेकली. तिला सातवा महिना होता. रूपसिंग नुसता उभा. मग हळूच डोमाजीला म्हणाला, "भाऊ, थे नळी घालतेत तं लेकरू वाचते का?"

"वाचते."

"तू पाह्यलं?"

आज दुसऱ्यांदा तोच प्रश्न. डोमाजी डॉक्टरकडं वळला. म्हणाला की मोटारीला पाच तास आहेत, तांडा कोसभर आहे. तुकडा छपरावर असेल तर मी घेऊन येतो, दाताला लावून पाहू. जुळला तर पोरीच्या छातीत काही नाही, नागपूर टळेल. नाही जुळला तर मोटार आहेच. डॉक्टरनं घड्याळ पाहिलं. चारच्या आत, म्हणाला.

डोमाजीनं सायकल काढली, मागं रूपसिंगला बसवलं. टेकडीच्या चढावर दोघांनी उतरून ती ढकलली. वाटेत रूपसिंग एकदाच बोलला. म्हणाला की बुढी ऐकणार नाही, छपरावर गेलेला दात खाली काढला तर पोरीला दात येत नाही असं ती मानते.

बुढीनं खरंच ऐकलं नाही. डोमाजीनं सायकल भिंतीला लावून शिडी मागितली तेव्हा सुखीबाई दारात आडवी उभी राहिली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत, अंगावर आरशांची चोळी, वय सत्तरीचं, कणा ताठ.

"काहून काढतं थो दात? मी माह्या हातानं टाकला. माह्या सासूनं माह्या लेकरायचे टाकले. कोनाचा दात वाकडा आला का, पाह्य रूपसिंगचं तोंड."

"सुखीमाय, मले फक्त पाहाचा हाये. पुन्हा तिथंच ठेवतो."

"पाहाले तुले शनिवारी कोनं नाई म्हनलं व्हतं?"

डोमाजी तिच्या पुढ्यात उकिडवा बसला. म्हणाला, "तू बैलं हाकली न माय? तांड्याचे बैल बाजारात घेताना मालकानं सांगतलं सहादाती, तं तू तसाच घ्याची का?"

"मी काय खुळी हाओ?" म्हातारी म्हणाली. "तोंड उघडून पाह्याची."

"मी नाई पाह्यलं. तू सांगतलं अन् मी ओठ शिवून टाकला. आता डागदर म्हनते का तुकडा पोरीच्या छातीत असन तं तिले नागपूरले न्या लागते. छपरावर असन तं न्या नाई लागत. मोटार पाच वाजता हाये."

सुखीबाई दारातून बाजूला झाली, आणि शिडी धरायला स्वतःच पुढं आली.

गवती छप्पर उन्हानं वाळून कडकडीत झालं होतं. त्यावर शेणाचे सुकलेले गोळे चार-पाच, वेगवेगळ्या सालांचे. जुने पांढुरके पडलेले. नवा एकच, अजून हिरवट तपकिरी, वळचणीपासून हातभर वर. डोमाजीनं तो खाली आणला, अंगणात बसून दोन्ही अंगठ्यांनी फोडला. आत मळकं पांढरं काही चमकलं. सुखीबाईनं सुस्कारा सोडला.

"पाह्य. हाये का नाई?"

डोमाजीनं ते पाण्यात धुतलं, तळहातावर घेतलं, उन्हात धरलं. ज्वारीच्या दाण्याएवढं, पांढरं, गुळगुळीत, एका बाजूनं गोल. आणि दुसऱ्या बाजूला बारीक बारीक खाचा, एकीला लागून एक, सारख्या अंतरावर. दाताला अशा खाचा नसतात. त्यानं उखळाजवळ पडलेली चुंबळ उचलली आणि फिरवून पाहिली. एका जागी कवडी फुटलेली होती, निम्मीच शिवणीत अडकून राहिली होती. हातातला तुकडा त्यानं तिला लावला. बसला.

मग रूपसिंग आईवर धावून गेला. त्यांच्या बोलीत, भरभर. एवढी वर्षं दात टाकतेस आणि तुला कवडी ओळखू आली नाही, असं काहीसं असावं, कारण म्हातारी चुंबळीकडं पाहत होती. तिच्याच चुंबळीची कवडी. तिनंच शिवलेली. ताठ कणा पहिल्यांदा थोडा वाकला.

डोमाजीनं रूपसिंगचा दंड धरला. "तिले काही म्हनू नोको. रक्ताचा चिखल व्हता, बुढीचे डोये, अन् पोरगी कडेवर बोंबलून राह्यली. दवाखान्यात चिमटा माह्याजवळ व्हता. उजेड माह्याजवळ व्हता. पाहाचं काम माह्यं व्हतं." सुखीबाईला तो म्हणाला, "चाल सुखीमाय. पोरीले कोनी मांडीवर घ्याले पाह्यजे. बसंतीच्यानं आता होत नाई."

सायकल तिथंच ठेवून तिघं चालत निघाली. म्हातारी दोघांच्या पुढं.

वाटभर डोमाजीच्या डोक्यात एकच. तुकडा छपरावर नाही, उखळाजवळही नाही, कारण तिथली माती म्हातारीनं बोटानं चाळली होती. गिळला असेल तर चिंता नाही, गेला निघून. छातीत असेल तर नागपूर. पण एक तिसरी जागा होती. खालचा ओठ आतून फाटला होता तो वरच्या दातानंच. तोच दात निम्मा तुटला. ज्या क्षणी दात ओठात घुसला त्याच क्षणी तुटला असेल तर तुकडा जाईल कुठं? आणि आपण वरून दोन टाके घालून दार लावून घेतलं असेल तर?

साडेतीन झाले होते. डॉक्टरनं कवडी पाहिली, मान हलवली आणि पत्राची घडी केली. पोरीला आवरा, म्हणाला.

"साहेब, एक डाव ओठ चाचपून पाहू द्या."

"सुजलाय रे. काय लागणार हाताला?"

"कापसाच्या बोंडात सरकी लागते साहेब. बाहेरून दिसत नाई."

डॉक्टर हसला नाही. त्यानं कंदिलाची काच पुसून दिवा लावला आणि जवळ धरला. सुखीबाई जमिनीवर बसली, डोमाजी समोर. जमनीनं आजीला पाहून हात पसरले. आजीनं तिला मांडीवर घेतलं, पाय बगलेत धरले आणि आपल्या बोलीत काही तरी गुणगुणायला लागली, बैलांना ओढ्यात पाणी पाजताना काढतात तसला सूर. डोमाजीनं हात धुतले, पुन्हा धुतले. तर्जनी ओठाच्या आत, अंगठा बाहेरून. पोर किंचाळली. त्यानं घाई केली नाही. सुजेचा भाग गरम, घट्ट, पण सगळीकडं सारखा. डावीकडून उजवीकडं, कणभर कणभर. मधोमध टाक्याच्या थोडं खाली बोट थांबलं. तिथं मांस मांसासारखं नव्हतं. दाबलं की काही तरी सरकत होतं. टोकदार.

त्यानं बोट न काढता डॉक्टरकडं पाहिलं. डॉक्टरनं कंदील रूपसिंगच्या हातात दिला आणि स्वतःचं बोट त्याच जागी ठेवलं. मग बाहीच्या घड्या वर करू लागला.

बधिर करायची सुई टोचली तेव्हा जमनी जेवढी रडली तेवढी पुढं रडली नाही. डॉक्टरनं टाका काढून आतल्या बाजूनं ओठ उघडला, पू निघाला, मिठाच्या पाण्यानं धुतला, आणि चिमट्याच्या टोकाला एक पांढरा कण आला. डोमाजीनं तो बशीत घेतला, धुतला आणि पोरीच्या तुटक्या दाताला लावून धरला. कड कडेला मिळाली. पण डाव्या कोपऱ्यात कणीपेक्षाही बारीक फट राहिली.

"बस झालं," डॉक्टर म्हणाला. "झिजला असेल तेवढा."

"साहेब, पाह्यल्याशिवाय मी आता व्हय नाई म्हनत."

डॉक्टरनं त्याच्याकडं पाहिलं. पुन्हा चिमटा उकळत्या पाण्यातून काढला. दुसरी कपची सापडायला दहा मिनिटं लागली, दिसायला तर ती साखरेच्या कणासारखी होती. लावली, फट बुजली. आता तुटलेला सगळा दात बाहेर होता. छातीत जायला काही उरलंच नव्हतं. खोकला निव्वळ सर्दीचा. डॉक्टरनं नागपूरचं पत्र फाडलं, पेनिसिलीनची सुई दिली, पुढच्या चार सुया डोमाजीनं द्यायच्या असं कागदावर लिहिलं, तो कागदही जुन्या राज्याचाच होता. जखम शिवली नाही. ओठ उघडाच ठेवला, आतून भरत यायला. मोटारीचा भोंगा ऐकू आला तेव्हा तो बॅग उचलून निघाला. दारात थांबून डोमाजीला म्हणाला की पुढच्या गुरुवारी असं चाचपणं मलाही दाखव, सावकाश.

बसंतीबाई पोरीला घेऊन अंगणात बसली. सुखीबाई मात्र आत बशीजवळ. दाताचे ते दोन कण तिनं हातात घेतले नाहीत. डोमाजीनंच विचारलं, नेणार का?

"आता नाई टाकत मी," ती म्हणाली. "माह्या हाताचं काही खरं नाई."

डोमाजी तिच्यासमोर बसला. "टाक माय. तुह्या हातानंच टाक. फक्त आता इथून पुढं तांड्यात कोनत्याबी लेकराचा दात पडला, तुटला, तं आधी मले दाखोजो. मी तोंडाले लावून पाह्यन. मंग छपरावर. रीत तुमची मोडाची नाई, मधात एक घर माह्यं घ्या."

म्हातारीनं कण पदराच्या टोकाला बांधले. गाठ दोनदा मारली.

पुढं त्या मुलखात हे चालूच राहिलं. पासष्ट-सहासष्टपर्यंत चार तांडे आणि पाच-सात गावांतल्या बाया पडलेले दात फडक्यात बांधून डोमाजीकडं आणायच्या, पोरगं सोबत. तो लावून पाहायचा, हिरडीवर बोट फिरवायचा आणि परत द्यायचा. शाळेत गेलेल्या पोरांचे आपोआप पडलेले दातही यायचे, त्याला त्यात पाहण्यासारखं काही नसायचं, पण तो पाहायचा. कधी फडक्यात खडा निघे, कधी मक्याचा दाणा. तो हसायचा नाही. पोराला मांडीवर घ्यायचा.

पण तो पुढचा काळ. त्या हिवाळ्यात सुया संपल्या, सूज उतरली, आणि नवव्या दिवशी सुखीबाई एकटीच जमनीला कडेवर घेऊन आली. पोर तोंड मिटून होती, ओठाला ओठ लागलेले, छाती कोरडी. डोमाजीनं घोंगडीची घडी टाकली. म्हातारी बसली. पोरीचं डोकं त्याच्या मांडीवर आलं. त्यानं तर्जनी ओठाच्या आत घातली, अंगठा बाहेरून, आणि डावीकडून सावकाश निघाला. मऊ. सगळीकडं मऊ. मधोमध पोचला, जिथं आठ दिवसांपूर्वी नुसता स्पर्श झाला तरी पोर किंचाळायची, तिथं त्यानं जरा दाबलं.

जमनीनं त्याच्याकडं टक लावून पाहिलं आणि कचकन बोट चावलं.

डोमाजी हात झटकत मागं सरला. बोटावर दातांच्या खुणा उमटल्या होत्या, वरच्या ओळीत एक अर्धीच. म्हातारी पदर तोंडाला लावून हसत होती, थांबायलाच तयार नव्हती. "दुखते का भाऊ?" तिनं विचारलं.

"दुखते न माय," डोमाजी बोट चोखत म्हणाला. "मले दुखते. तिले नाई."